तिसरं वाक्य

एप्रिल लागला की आमच्या घणसोली गावात हळदी आणि परीक्षा एकदमच अंगावर येतात. गल्लीत मांडव पडतो, बँजोवाले माइकला तोंड लावून ‘हॅलो चेक, हॅलो चेक’ करत बसतात, आणि त्याच गल्लीत वरच्या खिडकीत कुणीतरी पोर दोन्ही कानांत बोटं घालून पुस्तकावर झुकलेलं असतं. दुपारी खाडीवरून खारा वारा येतो, त्यात मटणाच्या वाटणाचा वास मिसळतो. माझी कॉलेजची सगळी वर्षं ह्या वासात गेली. पास झालो की नाही ते पुढे सांगतो, आधीच विचारू नका.

काल अशाच एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. मी जवळच्या एका शाळेत समुपदेशक आहे. मुलांचं ऐकून घेणं हे माझं पगारी काम. ही मुलगी काही शाळेतली नव्हती. पाठीला सॅक, छातीशी निळी फाइल, चेहरा उन्हाने लालबुंद. नाव ऋतुजा. माझ्याच जुन्या कॉलेजात सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला.

‘सर, प्लीज, सब्जेक्ट व्हाल का? पंधराच मिनिटं. कुणी तयारच होत नाहीये, लिटरली!’

मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू! सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला माणूस लागतो. केमिस्ट्रीवाल्यांना कपाटात बाटल्या तयार मिळतात, आमच्या पोरांना मात्र एप्रिलच्या उन्हात माणसं शोधत हिंडावं लागतं. ज्याच्यावर प्रयोग करायचा, ज्याच्याकडून फॉर्म भरून घ्यायचा, तो सब्जेक्ट. मावशी, शेजारी, झेरॉक्सवाला, जो हाती लागेल तो. आणि हातात फाइल दिसली की बरी माणसंसुद्धा अचानक फोनवर बोलायला लागतात.

मी म्हटलं, ‘बस. पाणी पी.’ तर तिने सॅकमधून पाण्याची सीलबंद बाटली काढून माझ्याच पुढे ठेवली. ‘नाही सर, आधी सब्जेक्टला द्यायचं असतं.’ मग डोळे मिटून पाढे म्हणावेत तशी एका दमात म्हणाली, ‘ही तुमची परीक्षा नाही. इथे चूक-बरोबर काही नाही. नको वाटलं तर नाही म्हणा, मला राग येणार नाही.’

मी बाटली उचलून हातात घेतली. विचारलं, ‘हे कुणी शिकवलं तुला?’

‘आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळेच म्हणतात. आधी कुणीतरी मॅडम होत्या म्हणे, त्यांची पद्धत.’

कुणीतरी मॅडम! आमच्या सोमण मॅडम निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, त्यांचं नावही पोरांना ठाऊक नाही, आणि त्यांचं पाणी मात्र अजून हातातून हातात चाललंय. ह्याच्याहून मोठा सत्कार कुठल्या शिक्षकाला मिळणार, मला तरी माहीत नाही. मी ऋतुजाला म्हटलं, ‘तिसरं वाक्य पुन्हा म्हण बघू. हळू म्हण.’ तिला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं, चुकलं होतं माझं, आणि तेही ह्याच वाक्यात.

बारावीला मला असे मार्क पडले होते की कॉमर्सवाल्यांनी दारातूनच नमस्कार केला. आर्ट्सला गेलो, टाइमटेबल सोयीचं दिसलं म्हणून सायकॉलॉजी घेतली. ह्यात कसलंही ध्येय वगैरे नव्हतं, उगाच आता कशाला खोटं बोलू. पण गावात बातमी फुटली की शेठचा पोरगा येड्यांचा डॉक्टर होनार. नाक्यावरून जायची सोय राहिली नाही. कुणीतरी डोकं पुढे करून म्हणायचंच, ‘जयेश, सांग रं, माज्या मनात आता काय चाललंय?’ शेठ म्हणजे माझे बाबा. त्यांचा रेती-सिमेंटचा सप्लाय होता, आणि गावात चार मजल्यांची बिल्डिंग, एकेक खोली भाड्याने दिलेली. त्यांनी मला एकच सांगितलं होतं. ‘शिक. मी नाय बोलनार नाय. पन येक वरीस जरी गेला ना, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसान येऊन बसायचा.’ ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची केबिन. तिथे दिवसभर ट्रकवाल्यांशी फोनवर भांडायचं. त्या केबिनची मला इतकी धास्ती होती की नुसता पत्रा तापल्याचा वास आला तरी मी पुस्तक उघडायचो.

भीतीने उघडलेल्या पुस्तकाच्या मी प्रेमात कधी पडलो ते कळलंच नाही. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर टोकाला आमची लॅब होती. जुन्या लाकडाचा वास, कपाटात स्टॉपवॉच, पत्त्यांच्या गड्ड्या, आणि एक आरसा लावलेली पेटी. समोर कागदावर चांदणी छापलेली. ती सरळ बघायची नाही, आरशात बघायची आणि तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. हात न्यावा एकीकडे, तर आरशातली पेन्सिल चालते भलतीकडेच. पहिल्यांदा केलं तेव्हा मला रडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. मी पेन्सिल आपटली. सोमण मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ‘चिडलास ना? लिही ते. कितव्या मिनिटाला चिडलास ते पण लिही.’

घरी चिडलो तर ‘गप बस’, शाळेत चिडलो तर वर्गाबाहेर, आणि इथे ही बाई म्हणतेय लिही! माणसाचं चिडणं, विसरणं, घाबरणं, ह्यालाच विषय करून कुणी चार लोकांत बसून इतक्या गंभीरपणे वह्या भरतं, ह्याचं मला तेव्हा जे नवल वाटलं ते आजतागायत उतरलेलं नाही.

मॅडम अगदी लहानखुऱ्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, त्यात स्टीलचा तांब्या आणि पेला. प्लास्टिकची बाटली नाही, तांब्याच. सब्जेक्ट म्हणून कॉलेजचा शिपाई बसला तरी आधी त्याला पेलाभर पाणी, मग ती तीन वाक्यं, मग प्रयोग. प्रश्न विचारून झाला की त्या थांबायच्या. म्हणजे खरंच थांबायच्या. आपण मुंबईकडची माणसं, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू. मॅडमचं तसं नव्हतं. समोरचा गप्प झाला की त्याही गप्प, आणि त्या गप्प बसण्यात जराही घाई नाही. मी एकदा मनात आकडे मोजले होते, चौदापर्यंत गेलो. पंधराव्याला तो शिपाई असं काही बोलला की अख्खा वर्ग खाली बघायला लागला. आज माझ्यासमोर एखादं पोर गप्प बसतं तेव्हा मी तेच करतो. चौदापर्यंत जायला अजून जमत नाही, दहा-अकराला माझा धीर सुटतो.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होतं. काळजीवरचा फॉर्म तीस जणांकडून भरून घ्यायचा, त्याचा तक्ता करायचा, निष्कर्ष लिहायचा, आणि जर्नलवर मॅडमची सही घ्यायची. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही. प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे पत्र्याची केबिन. इतकं साधं सरळ होतं ते.

वर्गातल्या मुलींच्या नाकी नऊ आले होते. सायली नावाची माझी मैत्रीण वाशीच्या बागेत दोन संध्याकाळी बसून चार माणसं मिळवू शकली, त्यातला एक विमा एजंट, त्याने फॉर्मवर स्वतःचाच नंबर लिहून दिला. मी मात्र निवांत. तीस माणसं? अरे, आमच्या बिल्डिंगमध्ये त्याहून जास्त राहतात! एका रविवारी संध्याकाळी फॉर्मचा गठ्ठा घेऊन मी तळमजल्यापासून सुरुवात केली. काय स्वागत झालं म्हणता! ‘या छोटे शेठ, बसा.’ कुणी पंखा माझ्याकडे फिरवला, कुणी गाद्यांवरची चादर झटकली, एका घरात तर पोराला उठवून मला खुर्ची दिली. पाणी मी त्यांना द्यायचं, ते राहिलं बाजूला, त्यांनीच मला सरबत पाजलं. पहिली दोन वाक्यं मी म्हटली. तिसरं नाही म्हटलं. मला वाटलं, ते बाहेरच्या लोकांसाठी असतं, ह्या घरच्याच माणसांना काय सांगायचं नाही म्हणा म्हणून.

तिसऱ्या मजल्यावर मंदाताई राहायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जायच्या. नवरा गावी, मुलगी दहावीला. हडकुळ्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फॉर्म हातात घेतला, पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि भराभर खुणा करून दिला. पंचवीस वाक्यं होती. मला लवकर झोप लागत नाही. माझ्या छातीत धडधडतं. पुढच्या वर्षी आपलं कसं होईल ह्याची मला काळजी वाटते. प्रत्येकापुढे कधीच नाही, कधी कधी, नेहमी, असे चौकोन.

रात्रीच्या जेवणाआधी माझे तीस फॉर्म तयार! सायलीला फोन करून मी इतका भाव खाल्ला की तिने फोनच आपटला.

तक्ता करायला बसलो तर तो लगेच झाला, कारण ‘कधीच नाही’ला शून्य गुण, आणि जवळपास सगळीकडे शून्यच लिहायचं होतं. झोप? उत्तम. छाती? ठणठणीत. पुढच्या वर्षाची काळजी? कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. रिक्षा चालवणारा सुखी, सिक्युरिटीत दोन-दोन ड्यूट्या करणारा सुखी, तान्हं मूल आणि दमेकरी सासू एका खोलीत सांभाळणारी सुखी. मी खुळ्यासारखा खूश झालो. निष्कर्षात लिहिलंसुद्धा, की गावठाणातील एकोप्याच्या वातावरणामुळे भाडेकरूंमध्ये काळजीचे प्रमाण अत्यल्प आढळते. ‘अत्यल्प’ हा शब्द मला फार आवडला होता.

मॅडमनी जर्नल उघडलं, तक्ता बघितला. पान उलटलं, पुन्हा तक्त्यावर आल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘जयेश, तुमच्या बिल्डिंगमध्ये मला पण एक खोली मिळेल का रे?’

वर्ग हसला. मीही हसलो, मग एकटाच हसतोय असं लक्षात आलं.

‘ही माणसं तुला काय म्हणून हाक मारतात?’

‘छोटे शेठ.’

‘त्यांची अ‍ॅग्रीमेंटं कधी संपतात?’

भाड्याची अ‍ॅग्रीमेंटं अकरा महिन्यांची. दर वर्षी एकेक महिना मागे सरकत सरकत त्या वर्षी बहुतेकांची नेमकी एप्रिलअखेरीला आली होती. मी म्हटलं, ‘ह्या महिनाअखेरीला.’ आणि म्हणता म्हणता माझं लक्ष तक्त्यातल्या शून्यांकडे गेलं.

मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तिसरं वाक्य म्हटलं होतंस?’

मी मान खाली घातली. खोटं बोलायची इच्छा झाली होती, पण त्या बाईसमोर ते जमायचं नाही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, आपणही मनातल्या मनात रागावून मोकळे होतो. त्या एवढंच म्हणाल्या, ‘मग ही तीस उत्तरं नाहीत रे. हे एकच उत्तर आहे, तीस वेळा दिलेलं. मी ह्याच्यावर सही नाही करू शकत. असं कर, त्या सगळ्यांकडे परत जा आणि राहिलेलं वाक्य तेवढं म्हणून ये. फॉर्म नेऊ नकोस.’

‘पण मॅडम, प्रॅक्टिकलला नऊ दिवस राहिलेत.’

‘मला माहितेय,’ म्हणाल्या. आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

घरी येताना तापलेल्या पत्र्याचा वास नाकातून जाईना. मॅडमचा राग आला, बिल्डिंगचा आला, सुखी माणसांचा तर फारच आला. दुसऱ्या दिवशी हात हलवत गेलो आणि एकेका दारात उभं राहून म्हणालो, ‘परवाच्या फॉर्मबद्दल सांगायचं होतं, नको असेल तर नाही म्हणा, मला राग येणार नाही.’ तर काय व्हावं? माणसं आणखीच घाबरली! ‘काय चुकलं का छोटे शेठ? परत भरून देऊ?’ ‘शेठ नाराज आहेत का?’ रिक्षावाल्याने मला जिन्यात बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, ‘भाई, खरं सांग. यादी चालू आहे ना? कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं? माझं नाव बघ हां, मी टेन्शनवाला माणूस नाय.’

तेव्हा मला सगळं समोर दिसलं. एकाने दुसऱ्याला सांगितलं होतं, दुसऱ्याने चौथ्या मजल्यापर्यंत पोचवलं होतं. शेठ ह्या वर्षी काळजी करणारी, रात्री जागणारी, कटकटी माणसं काढून टाकणार, म्हणून पोरगा फॉर्म घेऊन फिरतोय. मी ज्याला एकोपा म्हणत होतो तो हा. आता मागे वळून बघताना मला त्या माणसांचं कौतुकच वाटतं. डोक्यावरचं छप्पर सांभाळायचं म्हणून त्यांनी पंचवीसच्या पंचवीस वाक्यांतून आपली धडधड, आपली जाग, आपला उद्या बेमालूम काढून टाकला होता. मी तीन वर्षं मन शिकत होतो. ती माणसं माझं मन दारातच वाचून मोकळी झाली होती.

बाबा ओटीवर कैरीच्या फोडी मीठ लावून खात बसले होते. मी त्यांना सांगितलं की लोक आपल्याला घाबरतात. ते भडकले. ‘मी काय वाघ हाय? कोन बोलला? कोनाला काडलाय मी आजपावत?’ खरंच, त्यांनी कुणाला काढलं नव्हतं. पण काढू शकत होते, आणि ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. मी फॉर्मची हकिकत सांगत गेलो, तसा त्यांचा आवाज खाली आला. ते कैरीची कोय बोटांत फिरवायला लागले.

‘तुज्या आज्याकडं पन असाच फारम आनलेला,’ ते म्हणाले. ‘सरकारानं जमिनी घेतल्या तवा. मी बारका होतो. सायेब खुर्चीवर, आजा उबा. सायेबानं इचारला, काय तक्रार हाय? आजा बोलला, नाय सायेब, काय तक्रार नाय. दोनदा बोलला. मंग घरी आला न् दोन दिस जेवला नाय.’

हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात त्या जमिनीचा विषय निघायचा तो बढाईने, आता काय काय बांधलंय ते सांगायला. आज्याच्या न जेवण्याचा विषय कधी निघाला नव्हता. बाबांनी कोय अंगणात फेकली आणि म्हणाले, ‘जा. समद्यांना बोल, अ‍ॅग्रीमेंट होनार. ज्याला रवाचा हाय तो रवल. फारमचा न् खोलीचा काय संबंद नाय, असा माज्या नावानं बोल.’

मी पुन्हा जिने चढलो. कितव्यांदा ते आता आठवत नाही. मंदाताई नुकत्या कामावरून आल्या होत्या, उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. मी बाबांचा निरोप सांगितला आणि ते वाक्य म्हटलं, ह्या वेळी हळू. त्यांनी मेथीची काडी मोडली. माझ्याकडे बघत राहिल्या. मी थांबलो, मॅडम थांबायच्या तसा. जिन्यात कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, गल्लीत बँजो सुरू झाला, आणि मी थांबलेलाच.

‘खरंच न्हाय म्हनलं तर चालंल?’

‘चालेल.’

‘मग न्हाय. मला न्हाय भरायचा तुमचा फारम.’ आणि जराशाने, ‘आन त्यो आदीचा बी परत द्या.’

आयुष्यात कुणाच्या नकाराने मी इतका हरखलो नाही! दोन-दोन पायऱ्या उतरत घरी गेलो, गठ्ठ्यातून त्यांचा फॉर्म काढला, परत वर आलो आणि दिला. त्यांनी त्याची घडी घातली आणि मेथीच्या देठांबरोबर केराच्या डब्यात टाकली. मग नाव विचारलं नव्हतं ते विचारलं. ‘जयेश व्हय? बरं.’ त्या दिवसापासून मी छोटे शेठ राहिलो नाही, नुसता जयेश झालो. संध्याकाळपर्यंत आणखी सात-आठ जणांनी आपापले फॉर्म मागून घेतले. रिक्षावाल्याने घेतला आणि वर म्हणाला, ‘भाई, तसं बघायला गेलं तर झोप नाय लागत मला.’

माझं प्रोजेक्ट असं पार झोपलं. सकाळी मी लॅबमध्ये पोचलो तो धापा टाकतच. ‘मॅडम, नाही मिळाला! एक खराखुरा नाही मिळाला!’ सोमण मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि तांब्यातलं पाणी त्यांनाच प्यावं लागलं. मग म्हणाल्या, ‘बस आणि लिही. जसं झालं तसं. अत्यल्प वगैरे काही नको.’

मी सगळं लिहिलं. तिसरं वाक्य गाळलं तेही लिहिलं. पहिल्या पानावर त्यांनी सही केली, तेव्हा निळ्या शाईचा तो जरासा तिरका ‘सोमण’ मी किती वेळा बघितला असेल! प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल चाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये निष्कर्ष तरी काय निघाला?’ मी म्हटलं, ‘सर, मी घरमालकाचा मुलगा आहे, हा निघाला.’ त्यांनी जर्नल मिटलं, पुढच्या मुलीला बोलवा म्हणाले. मार्क जेमतेम पडले. पण पडले, वर्ष गेलं नाही, आणि पत्र्याच्या केबिनला मी जन्मभरासाठी मुकलो. घ्या, पास झालो ते सांगून टाकलं.

ह्याच्यापुढे मी आणखी शिकलो, जाडजाड पुस्तकं वाचली, मोठ्या मोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली. सगळ्यांबद्दल आदर आहे. पण कुणी मला विचारलं की सायकॉलॉजी कुठे शिकलास, तर माझ्या डोळ्यांपुढे एक लॅब आणि एक जिना येतो, आणि दोन बाया. एकीने सही करायला नकार दिला, दुसरीने फॉर्म भरायला. दोघींनी मला घडवलं म्हणालो तर मंदाताई हसतील, त्यांच्या लेखी त्यांनी फक्त मेथी निवडली होती.

शेवटचा पेपर मेच्या पहिल्या आठवड्यात झाला. तोवर बाबांनी सगळ्यांची अ‍ॅग्रीमेंटं करून टाकली होती, अगदी सगळ्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो तर मंदाताई जुन्या साडीवर कुरडया घालत होत्या. मुलगी सोऱ्या दाबत होती, तिला त्यांनी काहीतरी आणायला खाली पाठवलं. ओल्या चिकाचा आंबूस वास, खाली खाडीकडे चिखलात उतरलेल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा, ऊन अजून कोवळं.

‘झाली का परिक्शा?’

‘झाली.’

‘आता वहीत काय लिवायचं ऱ्हायलं न्हाय?’

‘नाही.’

‘शेटला काय, कुनालाच सांगायचं न्हाय, आन कुटं लिवायचं बी न्हाय. फारम परत दिलासा ना, तवाच मनात म्हनलं हुतं, ह्या पोराला सांगायचं.’ त्यांनी हात पदराला पुसले. ‘बसा.’

‘हो,’ म्हणून मी बसलो. त्या बोलत गेल्या. कुरडया एका बाजूने वाळल्या, मुलगी एकदा वर येऊन परत गेली, ऊन डोक्यावर आलं. फॉर्मवरच्या पंचवीस वाक्यांतलं एकही त्या बोलण्याला पुरलं नसतं. मी मध्ये एक शब्दही बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाचं ऐकलं ते त्या दिवशी. बोलून झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, ‘चला, कुरडया उलटू लागा.’ मग आम्ही दोघांनी मिळून सगळ्या कुरडया उलटल्या.

हे सगळं मी काल ऋतुजाला सांगितलं. तिची पंधरा मिनिटं कधीच उलटून गेली होती, फॉर्म तसाच कोरा. ती टेबलावर कोपरं टेकवून पुढे झुकली.

‘सर, मग? काय सांगितलं त्यांनी?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘नाही म्हणजे?’

‘नाही म्हणजे नाही सांगणार. कुठे लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, असं मी त्या दिवशी कबूल केलंय. आणि आत्ता तूच म्हणालीस ना, नको वाटलं तर नाही म्हणा म्हणून?’

ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली. मी वाट बघितली, मनात मोजत. अकरा झाले, बारा झाले. मग तिने पाण्याची बाटली हळूच माझ्याकडे सरकवली.

‘राग नाही आला सर,’ ती म्हणाली.